कुशीवर

हार्टलपूलच्या त्या शाळेत जेवणाचा हॉल आणि नाटकाचा हॉल एकच.
आम्ही पोचलो तेव्हा टेबलं मिटून भिंतीला लावलेली,
फरशीला कस्टर्डचा वास, आणि एक चिरडलेला वाटाणा
नेमका तिथे, जिथे मला पडायचं होतं.

मी पडणारी.
तिघांच्या कंपनीत बोलायचं काम बाकीच्या दोघांकडे.
ग्लेनिस शिक्षिका होते, पोलीस होते,
टोपी उलटी घातली की वाया गेलेला मित्र.
डेक्लन धाकटा भाऊ, वय वर्षं नऊ, खरं एकेचाळीस.
मी मोठी बहीण. ताटाएवढी पुठ्ठ्याची गोळी
हळूच स्वेटरच्या आत सारते, पोरं खिदळतात,
मग चार पावलं चालते आणि कोसळते.

आई फोनवर म्हणाली होती, नाटक कसलं?
म्हटलं, औषधांबद्दल मुलांना शिकवतो.
बरं आहे, म्हणाली, सर्दी-खोकल्याची का?
इथे केमिस्टच्या पाटीवर जो शब्द
तोच पोलिसांच्या फलकावर.
'अंमली पदार्थ' जिभेवर आलं होतं,
पण ते शब्द आकाशवाणीच्या सातच्या बातम्यांतले,
इस्त्री केलेले.
कुणाची बहीण अंमली पदार्थांनी न्हाणीघरात पडत नाही.

पुढचं ठरलेलं. मी पडले की डेक्लन गोठतो,
ग्लेनिस वळून विचारते, सांगा, आता यानं काय करायचं?
मग हातच हात.
मोठ्या माणसाला सांगायचं! नऊशे नव्याण्णव!
नाही म्हणायचं! हे कुणीतरी ओरडतंच,
मी पडून झाल्यावर.
मी डोळे मिटून ऐकते. पोट हलू द्यायचं नाही,
एवढीच माझी कला.
पोट हललं की पोरं हातची गेली, असं ग्लेनिसचं म्हणणं.

त्या दिवशी हात वर झाले,
आणि वेल्क्रो सुटलेल्या बुटांचा आवाज जवळ आला.
दोन गुडघे माझ्या बरगडीशी टेकले.
एका हातानं माझा तळवा उचलून गालाखाली ठेवला,
दुसऱ्यानं पलीकडचा गुडघा उभा केला,
आणि स्वतःकडे ओढून
मला कुशीवर वळवलं,
रोजचं पांघरूण घडी करावं तसं, न घाबरता.
मग तोंडात बोट घालून बघितलं, काही अडकलंय का.
बोटाला खोडरबराची चव होती.

हॉलमध्ये हसू औषधालाही उरलं नाही.

"असं ठेवायचं," तो डेक्लनला म्हणाला,
"नाहीतर उलटी आत जाते.
आणि उठल्यावर ओरडू नकोस. तिला काही आठवत नसतं."

संहितेत यानंतर रुग्णवाहिका आहे, मग गाणं.
ग्लेनिसला दोन्ही आठवेना.
मीही उठले नाही, खांद्यावर अजून हात होता.
कुणीतरी बाई हलकेच म्हणाल्या, कोरी, ये बाळा, बस.
तो गेला नाही. मी शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं असतं,
हे त्याला माहीत होतं.
मग मी डोळे उघडले. काय करणार?

व्हॅनमध्ये सामान भरताना तो आला,
गोळी उलटी करून बघितली. मागे केळ्यांच्या खोक्याचा छाप.
म्हणाला, "तू मेली नव्हतीस.
तुझं पोट हलत होतं, थोडंसं.
मी आधी तेच बघतो."

शाळेला द्यायचा फॉर्म अजून माझ्या बॅगेत आहे.
मुलांना नवीन काय शिकायला मिळालं?
खाली चार कोऱ्या ओळी.

पुढचा प्रयोग रेडकारला. तिथे मी पडले,
आणि श्वास घेतला, उघड उघड,
स्वेटर वरखाली होईल इतका.
ग्लेनिस चिडली.
चिडू दे.
तिसऱ्या रांगेतून कुणी बघत असेल.