चुनीचा हिशोब

बेबीनंदा इंगोलेची डाळगिरणी
दारव्हा रस्त्याला, खताच्या दुकानामागं.
मशीन जुनी, पाटी नवी.
पहिल्या सालात भाव लावला
साऱ्या टापूत कमी: किलोला तीन रुपये.
तुरीच्या पोत्यांची रांग डांबरीपर्यंत गेली.
बाईनं नशीब काढलं, म्हणालं गाव.

मे सरता सरता वही उघडली.
वीजबिल. पट्टा. रोलर घासून आणला त्याचे.
तुरीला चोळायचं तेल. हमाल. बँकेचा हप्ता.
उरले चारशे साठ,
त्यातली पन्नासची एक नोट फाटकी.

कोणी चोरलं नव्हतं.
पंचाईत तीच होती,
ओरडावं कोणावर?

लेक बारावीतली, पेन चावत बोलली,
"माय, तुही मजुरी कुठं हाय याच्यात?"
"माही कायची मजुरी? गिरणी माहीच तं हाय."
"मंग तुह्यापरीस मशीन बरी.
तिले गिरीस तरी भेटते."

रात्री दोनला थ्री-फेज आली.
बाईनं बटन दाबलं
आणि दोन सालात पहिल्यांदा
डाळीकडं न बघता
मशीनच्या खाली बघितलं.

टरफल, कळणा, चुनी.
गिऱ्हाईक सोडून जायचं,
आणि गोवर्धन भोयर
"कचरा साफ करून देतो, ताई" म्हणत
दर शनिवारी बंडी भरून न्यायचा.
किती उपकार वाटायचे त्याचे!
चहा पाजायची ती, साखर जास्त घालून.
गोवर्धनच्या गोठ्यात नऊ म्हशी.

सकाळी तिनं चुनी काट्यावर चढवली.
काटा थरथरला, थांबला.
आकडा दोनदा वाचला तिनं,
मग लेकीला वाचायला लावला.

आता किलोला पाच रुपये.
चार घरं तुटली. तीन परत आली,
दुसरीकडं डाळीचा चुरा होतो म्हणत.
गोवर्धन पैसे मोजून चुनी नेतो,
खडे निघाले म्हणून कुरकुरतो.
चहा मिळतो त्याला अजून,
साखर बेताची.

वहीत पहिली ओळ रोज तीच:
बेबीनंदा इंगोले, मजुरी, तीनशे पन्नास.
समोर सही तिची,
देणारीची आणि घेणारीचीही.

फक्त एक दिवस सुट्टी हवी होती,
बहिणीकडं यवतमाळला जायला.
आठवडा झाला,
मालकिणीला विचारायची
हिंमत होत नाही.