गॅस्केट

एकोणीस वर्षं स्टँडवर उभी होती
भावाच्या पिठाच्या गिरणीमागं,
ताडपत्रीवर जोंधळ्याच्या पिठाची साय.
ताडपत्री काढली तर खाली घमेल्याएवढा काळा डाग,
फरशीनं पिऊन पिऊन शेवटी नाद सोडलेला.

उद्यमनगरात दस्तगीर मिस्त्री आता बाकड्यावरच असतात.
स्पॅनर इम्तियाज धरतो, कान अजून त्यांचेच.
"किक मारू नका बाई. टाकीतलं तेल पंपातनं झिरपून
खालच्या पोटात साठलं असंल.
मारलीसा, तर उलटी करंल."

खालचा नट सोडला.
आलं ते तेल नव्हतं, काकवी होती,
गुऱ्हाळावर कढईच्या कडेला उरते तसली.
परात भरायला पाऊण तास लागला.

मला वाटलं होतं एकाच जागी गळत असेल.
टॅपेटच्या झाकणातनं, टायमिंगच्या झाकणातनं,
गिअरच्या दांड्यापाशी;
सील म्हणजे चिंचोके, नखानं दाबले की मोडणारे.
आणि डाव्या अंगाचं चेनकेस,
आख्खं झाकण एका नटावर.
तो नट मीच आवळलेला, दोन हजार चारमध्ये.
गळायला लागलं म्हणून आवळला,
जास्त गळालं म्हणून पान्याला पाईप लावून आवळला.
मिस्त्रींनी झाकण काचेवर ठेवून डुगडुगवून दाखवलं.
"वाकलंय. आवळल्यानंच गळत हुतं."

मग तीन संध्याकाळी:
काचेवर पॉलिश पेपर, त्यावर झाकण,
हात आठाच्या आकड्यात फिरवायचा.
मराठी आठ नव्हे, तो उघडा राहतो.
इंग्रजी, मिटलेला.
कागलच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवून
आठ हा आकडा एवढा कधी गिरवला नव्हता.

तांब्याचा वायसर गॅसवर लाल केला,
पाण्यात टाकला, चुर्र, आणि मऊ झाला.
पोलाद असं केल्यावर कडक होतं. तांबं उलटं.
याचं मला अजून नवल वाटतं.

"टॅपेटला गॅस्केट घरातच करू," मिस्त्री म्हणाले,
"जाड कार्ड असंल बघा, लग्नाबिग्नाचं."
होतं.
दोनशेचा गठ्ठा, सुतळी न सोडलेला,
लक्ष्मीपुरीत छापलेला, एक्क्याण्णव साली.
वर माझं नाव, शेजारी सांगलीच्या एका इंजिनिअरचं.
त्यांची अट एकच होती,
आणि ती अट आत्ता आमच्यासमोर
पोट उघडं टाकून बसली होती.

मिस्त्रींनी कार्ड वाचलं.
उलटं केलं, कोरी बाजू वर.
"कागद झकास हाय."
आणि बॉलपीन हातोडी स्वतः घेतली.
हात थरथरतो त्यांचा; इथं ती थरथर कामाला आली.
टकटकटकटक, काठाकाठानं,
झाकणाचा आकार कार्डातनं सुटत गेला.
बोल्टच्या भोकांवर बेअरिंगचा छर्रा, वरनं एक ठोका.
एका भोकातनं 'आहेर' खाली पडला,
दुसऱ्यातनं मुहूर्ताची मिनिटं.
इम्तियाजनं झाडून घेतलं.

रविवारी, सातव्या किकेला, लागली.
आधी निळा धूर, मग तो ठोका,
ज्याच्या एका ठोक्यात दुसऱ्याची वाट बघायला वेळ मिळतो.
गल्ली बाहेर आली. एक पोरगं ओरडलं, नाद खुळा!
सत्त्याऐंशी सालीही आली होती.
तेव्हा बघत होते माझ्याकडं,
आता बघतात गाडीकडं.
बरं आहे.

सोमवारी सकाळी खाली अंथरलेला पेपर काढला.
राजाराम बंधारा, पाणी पातळी सव्वीस फूट चार इंच,
आणि 'फूट'च्या ऊकारावर थेंब.
एकच.
मी पाना घेऊन बसले, फोन लावला.
इम्तियाजच्या मागनं म्हाताऱ्याचा आवाज आला:
"एकच न्हवं? असू दे. तेल हाय एवढं कळतंय."

पाना डब्यात टाकला.
गठ्ठ्याला सुतळी परत बांधून
माळ्यावर नाही, हत्यारांच्या फळीवर ठेवला.
एकशे नव्व्याण्णव उरलीत.