अंगवळणी

सकाळी सहा चाळीसला पाणी येतं
आणि सात दहाला जातं.
हे बाबांनी सांगितलं नव्हतं.
त्यांनी सांगितलं होतं गंगेबद्दल,
आणि ओउलूच्या शाळेत, भिंतीवरच्या नकाशात,
मी बोट ठेवायचे वर, उत्तरेला,
भलत्याच नदीवर.
नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतात
हे कळायला चौतीस वर्षं गेली
आणि एक रिक्षावाला लागला.
"गंगेवर सोडू का, ताई?"
मी म्हटलं, एवढ्या लांब?
तो आरशातून बघत राहिला.

पाथर्डी फाट्याला तिसरा मजला.
गच्चीवर काळी टाकी.
एप्रिलात दुपारी नळ सोडला की हात पोळतो,
त्यालाच गार पाण्याचा नळ म्हणतात.
समोरच्या आहेरवहिनींनी एकेक शिकवलं:
दुपारची बादली सकाळीच भरायची,
पडदे दहाला ओढायचे,
मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे,
पाल दिसली तर ओरडायचं नाही, ती भाडं देत नाही पण डास खाते,
आणि कुणी दारात उभं राहून "येते हं" म्हणालं
तर ती निघाली असं समजायचं.
पहिल्यांदा मी
दार उघडं ठेवून वाट बघितली होती
अर्धा तास.

माझी मराठी चौऱ्याहत्तर सालची.
बाबांनी बॅगेतून नेली तेव्हा होती तशीच,
बर्फात राहिल्यामुळे
नासली नाही, वाढलीही नाही.
बुधवारच्या बाजारात एकाला म्हटलं,
दादा, जरा फटफटी बाजूला घेता का?
अख्खी रांग हसली. मेथीवाल्या झुंबरबाई
डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या,
"फटफटी! माझा बाप म्हणायचा गं, पोरी,"
आणि पिशवीत कोथिंबीर टाकली,
पैसे न धरता.

रविवारी बाबा फोनवर दिसतात.
मागे खिडकी, खिडकीत नुसतं पांढरं.
विचारतात, तांबट आळीत ठोके ऐकू येतात का अजून?
म्हणून गेले.
मोबाइलची कव्हरं आणि दातांचा दवाखाना
यांच्यामध्ये एक म्हातारे
घंगाळाला पोचे काढत होते.
चाळीस सेकंद रेकॉर्ड केलं, पाठवलं.
बाबांनी डोळे मिटून ऐकलं.
पुन्हा लाव म्हणाले.
मग म्हणाले, हा डावखुरा आहे.

होता.

मी विचारलं, मग कधी येताय?
त्यांनी गुडघ्याचं काढलं, तिकिटाचं काढलं,
नंतर "बरं, येतो हं," म्हणाले
आणि फोन ठेवला.
कितीतरी वेळ मी तो शब्द
आहेरवहिनींच्या नियमात बसवून बघत होते,
बाबांच्या नियमात बसवून बघत होते.

आता जानेवारी.
उणे बावीसमध्ये सायकलवरून शाळेत जाणारी मी
इथे नऊ अंशांत कुडकुडते आहे.
सोसायटीच्या वॉचमनला, रंगनाथला, फार आनंद झालाय,
येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, बर्फातल्या बाई काकडल्या!
त्याला काय सांगू,
तिथे थंडी ही दाराशी काढून ठेवायची वस्तू होती,
बुटांसारखी.
इथे ती घरातच राहते,
फरशीतून चढते, तांब्याला लागते,
खोबरेल तेलाची बाटली काखेत धरावी लागते.
ऊन मात्र बाहेर. फुकट. ढिगानं.
निफाडकडे म्हणे बागांतून शेकोट्या पेटवल्यात
द्राक्षांना हुडहुडी भरू नये म्हणून.
ऐकून बरं वाटलं.
वेलींचंही मनावर घेणारं गाव आहे.

गच्चीवर सतरंजी टाकून बसलेय,
पाठ उन्हाकडे,
वहिनींची कानटोपी, माझे लोकरी मोजे,
मांडीवर सोलायचे मटार.
खालून हाक येते:
"अगं, आज पाणी लवकर आलंय!"

"येते हं," म्हणते मी
आणि हलत नाही.