रायोलीचा रस्ता

अभिनंदनला सुट्टी बारा मेपासून. सहाच दिवस.
गाडी आधी गॅरेजात दाखवायची, एसी नुसता घुमतो.
हळदीच्या पेढीचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवून
मी फरशीवर पालथं घातलंय
आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं रस्ता काढलाय:
सांगली, पेठ नाका, पुणे, मग सुरत, बडोदा,
आणि कागद संपतो तिथं, अगदी कडेला, रायोली,
जिथं म्हणे अंडी सापडली,
दगड झालेली.

श्रेणिक सात वर्षांचा.
'मगदूम' लिहिताना अजून ऱ्हस्व-दीर्घ चुकतो,
पण पॅकिसेफॅलोसॉरस एका श्वासात म्हणतो.
सन्मती चारची. तिला सगळेच 'डायनू',
ट्यूबलाइटमागची पालसुद्धा.

आक्का म्हणाल्या, मी येते,
पण दिवस मावळायच्या आत माझं ताट झालं पाहिजे,
मग तो हायवे असू दे नाहीतर स्वर्ग.
म्हणून मी सूर्यास्त उतरवून घेतले, गावागणिक:
सांगलीत सहा पंचावन्न,
सुरतेला सात दहा, म्हणजे पंधरा मिनिटं फायद्यात.

"आक्का, टी-रेक्स रात्री जेवायचा का गं?"
आक्का दशमी थापत होत्या.
"तो काय जेवायचा ते या घरात बोलायचं नाही."

तव्यावर दशमी फुगली, उतरली, दुसरी पडली.
मग श्रेणिक हळूच, "पण लांब मानेचा आहे ना,
तो नुसता पाला खायचा."
"कांदा?"
"कांदा तेव्हा नव्हताच."
"मग आपल्यातलाच की,"
आक्का म्हणाल्या, आणि डब्यात बोट बुडवून
फ्रीजवर चिकटवलेल्या त्या हिरव्या चित्राला
हळद लावली.

भडंग दोन किलो. दशम्या तीस.
पाणी गाळायचं फडकं, धुतलेलं, दोन.
उलटीच्या पिशव्या. सन्मतीची उशी, तीच, दुसरी चालत नाही.
रबरी डायनासोर अकरा आहेत, न्यायचे तीन,
त्यावरून दोन दिवस रडारड.
शेपूट तुटलेल्याला शेवटी खिडकीची जागा मिळाली.

टोल मांडता मांडता अभिनंदन गप्प झाला.
पेट्रोल मांडलं. लॉज मांडला.
मुलं झोपल्यावर म्हणाला, पुढच्या वर्षी गेलं तर?
मी काही बोलले नाही.
पंख्याचा आवाज तेवढा दोघांनी ऐकला.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर तोच म्हणाला, चला नदीवर.
आयर्विन पुलाच्या खाली, घाटाच्या जरा पुढं
पाटी आहे: मगरींचा वावर, पाण्यात उतरू नये.
पलीकडच्या काठावर चिखलात एक ओंडका पडलेला.
ओंडक्यानं तोंड उघडलं
आणि तसंच ठेवलं.

श्रेणिकनं बापाचा शर्ट मुठीत धरला.
"हे तेव्हाचं?"
"घराणं तेव्हाचं. ते गेले, हे राहिले."
"मग याला माहीत असणार."
"काय?"
त्यानं उत्तर दिलं नाही. त्याचे ओठ हलत होते,
बहुतेक नावं घेत होता, एकेक,
ओळखीचं कुणी निघतंय का बघायला.
सन्मती म्हणाली, डायनू.
आज तिची चूक कुणी काढली नाही.

घरी येऊन अभिनंदननं हिशेबाची वही घेतली,
'नवे टायर' वर काट मारली,
आणि पेन माझ्याकडे न बघता खिशाला लावलं.

कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलंय, पालथंच,
श्रेणिकचा हट्ट.
घरात तारीख कुणाला कळत नाही.
दूधवाला म्हणतो तेवीस लिटर,
मी म्हणते बावीस.
भिंतीवर बघते तर सुरत.