पडणारी

वैजयंता ऐनापुरेच्या सत्काराला
मी पाचव्या रांगेत बसले, खांबाआड.
शाल झाली, नारळ झाला, साहेबांनी कागद काढला:
राष्ट्रीय सुवर्ण सात. ताश्कंदला ब्राँझ.
बावन्न किलोत अकरा वर्षं हिला कुणी चीत केलं नाही.
चीत म्हणाले.
सांगलीत जुदोलाही कुस्तीचेच शब्द.

मी मनात वेगळा हिशेब मांडत होते.
रोज साठ वेळा, रविवारी शंभर,
असं नऊ वर्षं तिनं मला उचलून आपटलंय.
फेकणाऱ्याला तोरी म्हणतात
आणि जिला फेकायचं, ती उके.
उकेला प्रमाणपत्र नसतं.

मार्केट यार्डातलं बंद पडलेलं अडत दुकान,
भुशाची पोती शिवून वर ताडपत्री ताणलेली.
भिंतीत हळद इतकी मुरलेली
की आमचे पांढरे डगले आठवड्यात पिवळे.
साबण लावला की डाग लाल व्हायचा,
आई दचकायची.
मग गच्चीवर उन्हात
संध्याकाळपर्यंत उडून जायचा.
"लग्नाआधीच हळद लागली गं पोरींना," शेजारीण म्हणाली.
वैजू म्हणाली, "काकू, ही उतरते."

बागणीकर सरांनी पहिला महिनाभर
फक्त पडायला शिकवलं.
हनुवटी छातीला, पाठ गोल,
आणि जमिनीनं मारायच्या आत
आपण जमिनीला तळहात मारायचा.

तिचा गुडघा गेला तेव्हा मी विट्याला, संसारात.
मिरजेच्या दवाखान्यात डबा घेऊन गेले.
छताकडे बघत म्हणाली,
"त्या कोरियन पोरीनं नाही गं पाडलं.
मीच अर्धी आत गेले.
अर्ध्या डावात माणूस मोडतो."
भाकरी मात्र दीड खाल्ली.

महापुरात तिच्या हॉलमधल्या मॅट
हरभट रोडपर्यंत तरंगत गेल्या म्हणे.
पाणी ओसरल्यावर तिनं पोरींकडून गाळ उपसून घेतला
आणि नव्या मॅटची वाट न बघता
गवताच्या पेंढ्यांवर पाडायला लागली.
त्यातली एक आता पोलिसात आहे, एक ताश्कंदला जाऊन आली.
बाकीच्यांचं कागदावर काही नाही.

गेल्या श्रावणात घाटाच्या शेवाळलेल्या पायरीवरून
माझा पाय सुटला.
तळहात माझ्या आधी पोचला,
हनुवटी छातीला.
पूजेचं ताट नदीत गेलं, मी उठून बसले.
फुलवाली म्हणाली, देवानं राखलं.
मी परकर पिळत राहिले.

आज कार्यक्रम संपल्यावर
ती गर्दीतून थेट आली, लंगडत.
एका हातात माझ्या बाहीची कड,
दुसऱ्यात खांद्यावरचा पदर.
गळाभेट तिला कधी जमलीच नाही.
जरा ओढून बघितलं.
"वजन वाढलंय तुझं."

फोटोवाले मागं खोळंबले होते.
माझा उजवा पाय
मला न विचारता
अर्धं पाऊल पुढं आला होता.