वीस तेत्री

आमच्या इमारतीची लिफ्ट फुकट चढत नाही.
आत पत्र्याची पेटी आहे, तिला वीस तेत्रीचं नाणं लागतं.
आधी नाणं पडल्याचा आवाज,
मग वर कुठंतरी दोरखंडाचं कण्हणं,
मग ग्लदानीचा हा नऊ मजली सांगाडा
मला उचलायला नाइलाजानं तयार होतो.

चार जण चढले तरी वीस.
मी एकटी चढले तरी वीस.

गॅसचंही असंच. खोलीला काय ठाऊक,
आत किती माणसं गारठलीत.
दोघांच्या श्वासानं म्हणे खिडकीवर लवकर वाफ धरते.
एका हिवाळ्यात पाहिली होती मी. जाऊ दे.

कोपऱ्यावरच्या भट्टीतला पाव होडीएवढा लांब.
पहिल्या दिवशी दोन्ही टोकं खाते,
दुसऱ्या दिवशी पोट,
तिसऱ्या दिवशी तो टेबलावर आपटला तर दार वाजल्यासारखं वाटतं.
'अर्धा द्याल का?' एकदा विचारलं.
जुजुना भट्टीतून डोकं वर न काढता म्हणाली,
'अर्धा पाव कुणी भाजत नाही गं.'

संगीतशाळेत मी साथीला असते.
मुलं व्हायोलिन खरवडतात, मी पियानोवर सांभाळून घेते.
एखादा पोरगा घाबरून दोन मात्रा गिळतो,
मीही त्याच्याबरोबर गिळते.
ऐकणाऱ्याला कळत नाही.
याचे महिन्याला सहाशे दहा लारी,
त्यातले साडेतीनशे घरमालकिणीचे.
उरलेल्यात काय काय गिळते,
तेही ऐकणाऱ्याला कळत नाही.

मावसबहीण म्हणते, 'इरमा, तुझं बरंय.
एकटा जीव, तुला खर्च तो कसला!'
हे म्हणताना ती तीन पोरांच्या ओल्या बुटांत उभी असते,
म्हणजे तिचंही खोटं नसतं.
तिच्या धाकटीच्या बाप्तिस्म्याला पाकिटात काय घालायचं,
म्हणून मी ताप आल्याचं कळवलं
आणि दोन दिवस खरंच पडून राहिले.
खोट्यालाही पथ्य पाळावं लागतं.

अंथरूण पाहूनच पाय पसरते मी.
पसरते कसली, पोटाशी घेते.
पहाटे पाय चुकून पलीकडे गेला
की गार लागतं आणि आठवतं,
पलंग दोघांचा आहे.

तर काल संध्याकाळी
दोन किलो बटाटे घेऊन लिफ्टपाशी आले.
नाणं होतं. खिशात त्याची कड बोटाला लागत होती.
तरी किल्ल्या शोधायला लागले.
ही माझी नेहमीची युक्ती,
कुणीतरी येईपर्यंत किल्ल्या सापडत नाहीत.

सातव्या मजल्यावरचे बातोनो वाझा आधीच तिथं,
पत्रपेटी उघडून आत वाकलेले.
आमच्या पत्रपेट्यांत दहा वर्षांत पत्र पडलेलं नाही.
त्यांनी ती बंद केली. पुन्हा उघडली.
मी किल्ल्या ह्या खिशातून त्या खिशात.
माणूस हलला नाही की विझणारा तो दिवा
विझला.

अंधारात दोघंही हललो नाही.
आणि मग ऐकू आलं,
त्यांच्या कोटाच्या खिशात
एक नाणं दुसऱ्यावर हळूच घासत होतं.

माझा कान साथीचा आहे, चुकत नाही.

हसले मी आधी. दिवा लागला.
ते पत्रपेटीलाच सांगितल्यासारखं म्हणाले,
'डॉक्टरांनी जिना चढायला सांगितलाय.'
'मलाही,' मी म्हटलं.

तिसऱ्यावर थांबलो. पाचव्यावर बराच वेळ.
पिशवीचा एक बंद त्यांनी धरला होता,
त्यामुळे ती हलकी झाली असं नाही,
उलट आमच्या मध्ये लोंबकळून दोघांच्या गुडघ्यांवर आपटत राहिली.
सातव्यावर त्यांनी किल्ली काढली,
पहिल्याच खिशातून.
मी चार बटाटे त्यांच्या टोपीत टाकले.
ते काही बोलले नाहीत, टोपी मात्र छातीशी धरली.

पुढचे दोन मजले एकटी.

रात्री नाणं टेबलावर ठेवलं, चष्म्याशेजारी.
दिवा मालवला, तेवढ्यात खाली पेटीत काहीतरी पडलं,
दोरखंड कण्हला.
कोण असेल, किती जण असतील
एका नाण्यात,
मी उगाच मोजत राहिले.