कार्पेट एरिया

हेरंब दोन वर्षं गोबीत पाइप जोडून परतला
तेव्हा बॅगेत पैसे थोडे, आणि गाठी मारलेली एक दोरी.
म्हणाला, ही घराची मापं.
मी म्हटलं, अॅग्रीमेंट एकतीसला संपतंय,
दोरी ठेव आणि खोकी आण.

सहा वर्षांत पाच घरं.
दहिसर, दहिसर, काशीमिरा, नालासोपारा, परत दहिसर.
दर अकरा महिन्यांनी तोच मिक्सर, तीच तुळस टेम्पोत,
जुईच्या शाळेत पत्ता खोडून वर नवा.
तिकडची माणसं वर्षातून चारदा हलतात, तो सांगायचा,
गवतासाठी.
आम्ही मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून.
फरक एवढाच, की त्यांच्याबरोबर घरही जातं.

मनोरीला बस्त्यावची वाडी, माडांमागे रिकामा तुकडा.
बस्त्याव होड्या बांधणारा. दोरी बोटांवर मोजत म्हणाला,
ही तर उपडी होडी, नुसती गोल.
मग सहा दिवस लाकूड वाफवत बसला, वाकवत,
माथ्यावरचं कडं जुळेपर्यंत कुणाशी बोलला नाही.

भिंत म्हणजे जाळी. ओढली की उभी, ढकलली की काखेत.
खाना म्हणतात तिला, हेरंब म्हणाला.
सासूबाईंना ऐकू आलं खण.
मग ओटी भरायला हवी तिची, म्हणाल्या,
आणि ट्रंकेतला हिरवा खण आणून जाळीला बांधला.
तो अजून आहे.

दार दक्षिणेला असतं तिकडे.
त्या ताडकन उठल्या. यमाची दिशा!
दार खाडीकडे फिरवलं.
घर फिरलं की वासेही फिरतात,
ही म्हण मी डोळ्यांनी पाहिली. अर्धा तास लागला.

सगळं दहिसरच्या डिपॉझिटात बसलं.
सगळं धड होतं असं नाही.
पट्टणकोडोलीहून मागवलेल्या जेनांना आषाढात बुरशी आली,
ओल्या मेंढीचा वास जुईच्या युनिफॉर्मला.
जेन काढले, बांबूची चटई लावली, वर शिडाचं कापड.
उकाड्यात खालची कड खोचून ठेवायची,
मासळीवाली काष्टा खोचते तशी,
की खाडीचा वारा पायांवरून जातो, वीजबिल न येता.
कपाट कुठेच टेकत नाही.
भांडण झालं तर रुसून बसायला कोपरा नाही,
फिरून फिरून एकमेकांसमोरच येतो.

वॉर्ड ऑफिसातून सोनटक्के आले, टेप घेऊन.
लांबी?
नाही.
रुंदी?
नाही.
मग कार्पेट एरिया कसा काढू, बाई?
हेरंबनं उरलेल्या जेनावर थाप मारली. कार्पेट हे. एरिया तुम्ही काढा.
ते हसले नाहीत. काय म्हणता ह्याला?
गेर.
त्यांनी लिहिलं, गैर.
पुढे बांधकाम हा शब्द छापलेलाच होता.

चहा मात्र प्यायले. जाताना वर बघत उभे राहिले,
कड्यातून एक विमान सावकाश गेलं.
मी वन रूम किचनला बावीस हजार देतो, म्हणाले,
सोमवारी नोटीस येईल.

रविवारी सकाळी आठला कापड सोडलं.
अकराला घर टेम्पोएवढंही उरलं नव्हतं.
एरंगळला बस्त्यावच्या साडूची जागा आहे,
तोही अकरा महिनेच म्हणतो.

मार्वेच्या फेरीबोटीवर तिकीटवाला पोरगा
गठ्ठ्यांकडे बघत राहिला. हे काय आहे?
घर, जुई म्हणाली.
त्यानं जरा विचार केला
आणि सायकलचं तिकीट फाडलं. दोन सायकलींचं. कड्याचं वेगळं.

सोमवारी रात्री बस्त्यावचा फोन.
चिकटवायला भिंत नव्हती म्हणून
नोटीस माडाला लावून गेलेत.
गवत गोल पिवळं पडलंय, कोंबड्या फिरतायत त्यात.
आणि ऐक, म्हणाला,
येड्या दारातूनच आत जातात.